दाराखालचा पाइप आणि बाबांचा आकडा

डाव्या बाजूचं दार ओढणीनं बांधून मी सिहावाच्या जंगलातून रायपूरपर्यंत गाडी चालवत आणली. अभनपूरच्या चौकात शेंगा विकणाऱ्या बाईनं आधी ती ओढणी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता पुडी जरा जास्तच भरून दिली. दया आली असावी.

झालं होतं एवढंच की एका नाल्यात गाडीचं पुढचं चाक दगडावर चढलं आणि घसरलं. गाडी बाजूनं दगडावर बसली. दाराखालची पत्र्याची पट्टी आत गेली, चौकट वाकली आणि दार लागेना. मी भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर महानदीचा उगम काढून दाखवतेय. तिथं पक्की सडक जाते, पण मला हवी होती ती डोंगराच्या मागची, नाल्यानाल्यातून जाणारी वाट. त्यासाठी सत्तेचाळिसाव्या वर्षी जुनी फोर-बाय-फोर घेतली. आणि पहिल्याच खेपेला तिसऱ्या नाल्यातून हात हलवत परत.

घरी आई दारातच उभी होती. ओढणी बघून म्हणाली, "गाडीले पदर लावला का?" बाबांनी खाली वाकून आत गेलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि हात धुवायला गेले.

अशा गाड्यांना दाराखाली दोन्ही बाजूंनी जाड पाइप लावतात. तो खालच्या मुख्य सांगाड्याला बोल्टनं कसलेला असतो, म्हणजे दगडावर गाडी बसली तर भार पाइपावर येतो, पत्र्यावर नाही. चांगल्या कंपनीचे पाइप माझ्या ऐपतीबाहेरचे होते. मी ऑनलाइन सर्वांत स्वस्त जोडी शोधली. फोटोत ती काळीभोर आणि दणकट दिसत होती. पत्रा सरळ करून झाला त्याच आठवड्यात खोका आला आणि मी लगेच तो ओसरीवर उघडून बसले. मला कुठलीही गोष्ट आल्या आल्या लागते. थांबणं माझ्या स्वभावात नाही.

"काय बोलावलं वं हे?" बाबांनी विचारलं.

"गाडीच्या बाजूले लावायचं. आता दगड लागला तरी दार वाचते."

त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि पाइपावर टकटक केलं. मग पाइपाला जिथं आडवे पाय जोडले होते तिथं टकटक केलं. चारही पायांवर, दोन्ही नगांवर. आई आतून म्हणाली, "दार उघडं हाय, या."

"आवाज आयकला?" बाबा मला म्हणाले.

"लोखंडाचाच तर हाय, बाबा."

"लोखंडाचा हाय. जोडाचा नाही."

आता बाबांबद्दल सांगायला हवं. ते रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं वेल्डर होते. कोळसा, लोखंडाची माती, सिमेंट वाहणाऱ्या वॅगनींचे फुटलेले सांगाडे जोडणं हे त्यांचं काम. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झालीत. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत आणि गेल्या दोनेक वर्षांपासून उजवा हात थरथरतो. चहाचा कप बशीत ठेवताना इतका वाजतो की आईनं त्यांच्यासाठी बशी देणंच बंद केलं आहे. बुद्धविहारात वंदनेला बसले की ते उजवा हात डाव्याखाली दाबून ठेवतात. आपल्या ध्यानात येऊ नये म्हणून. येतंच.

त्या दिवशी ते उठले आणि सायकलच्या चेनीसाठी ठेवलेली डिझेलची शिशी घेऊन आले. एका जोडावरचा काळा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, त्यावर डिझेलचा बोळा दाबला आणि म्हणाले, "चहा ठेव." चहा झाला, पिऊन झाला. मग त्यांनी तो जोड फडक्यानं कोरडा पुसला आणि माझ्यापुढे हात केला.

"खडू दे."

माझ्या पर्समध्ये खडू असतोच. त्यांनी तो जोडावर घासून सगळं पांढरं केलं आणि "आता पाह्य," म्हणून मागे सरकले. मी खाली बसले. आधी काहीच नव्हतं. मग त्या पांढऱ्यावर एक करडी रेघ उमटायला लागली. कुणी काढत नव्हतं आणि ती पुढे सरकत होती. पाइपाच्या कडेनं अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. जोडात केसाएवढी चीर होती. आत शिरलेलं डिझेल तिच्यातून बाहेर येऊन खडूत उतरत होतं.

आयुष्य खडू हातात धरून गेलं माझं. लिहिण्याखेरीज त्याला आणखी काही येतं हे मला माहीत नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत बसले.

"हे परत करून टाक," आई म्हणाली.

"रंग खरवडला आता. कोन घेते?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाइप वाईट नाही. जोड वाईट हाय. तो मी करून देतो."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. दोघींनीही बाबांच्या हाताकडे बघायचं टाळलं.

कारखान्यात प्रत्येक वेल्डरला आपला आकडा असायचा. बाबांचा एक्केचाळीस. बोटभर पोलादी ठोकळी, तिच्या टोकाला चार आणि एक कोरलेले. वॅगन दुरुस्त झाली, लादून एक फेरी करून परत आली आणि जोड शाबूत निघाला, की त्याच्याशेजारी तो आकडा ठोकायचा. त्याआधी नाही. आणि बाबांच्या टोळीत आणखी एक रीत होती. ज्याचा जोड त्यानं ठोकळी धरायची, पण हातोडी त्यानं मारायची नाही. जो त्या वॅगनवर भार टाकणार, म्हणजे तपासून ती कामावर पाठवणारा, हातोडी त्याच्या हाती द्यायची. त्यानं मारली म्हणजे त्याला जोड मंजूर. त्यानं हातोडी खाली ठेवली तर जोड कापायचा आणि पुन्हा करायचा. वाद घालायचा नाही. लहानपणी आम्ही जेवायला बसलो की बाबा आईला सांगायचे, आज तीन झाले, आज पाच. हातोडी खाली ठेवल्याचं त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. झालं नसेल किंवा सांगितलं नसेल. निवृत्तीच्या दिवशी ठोकळी जमा करायची असते, पण त्यांची इतकी झिजली होती की साहेबांनी ती त्यांच्याच हातात परत दिली.

ही रीत मला पुरती ठाऊक होती. म्हणूनच पुढचं सांगताना माझी मला लाज वाटते.

भनपुरीत ट्रकांच्या बॉड्या बांधणारा एक गॅरेजवाला माझ्या ओळखीचा आहे. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बोलायला मोकळा. रविवारी त्याची मशीन रिकामी असते. बाबांना आणि त्या दोन पाइपांना घेऊन मी तिथं गेले. बाबांनी घरूनच स्वच्छ धुतलेला पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, जुने कातडी हातमोजे काखेत. बारशाला निघाल्यासारखे दिसत होते. ते मशीनवरचा करंट बघायला गेले तेवढ्यात मी गॅरेजवाल्याला बाजूला घेतलं.

"भैया, बाबूजी का मन है, इसलिए करने दो," मी हळूच म्हणाले. "बाद में तुम दोबारा वेल्डिंग मार देना. उनका हाथ काँपता है."

"हव दीदी," तो म्हणाला.

मी वळले तर बाबा चार पावलांवर उभे होते. हातात वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "हे रॉड ओले हाय," ते म्हणाले. "उन्हात ठेवा म्हना." मी स्वतःची समजूत घातली की त्यांनी ऐकलं नसेल. मागं ट्रकचा पत्रा कुटत होते, किती गोंगाट होता.

आधी त्यांनी ग्राइंडरनं सगळे जुने जोड कापून काढले, सगळेच, चीर असलेले आणि नसलेलेही. मग पायांच्या मुळाशी बसवायला जाड पत्र्याच्या तिकोनी पट्ट्या कापून घेतल्या. यातच दुपार झाली. ग्राइंडर धरताना हात थरथरत होता. पट्ट्यांवर खुणा करताना थरथरत होता. एकदा पेन्सिल खाली पडली. गॅरेजवाल्यानं माझ्याकडे बघून डोळ्यांनी 'बरं' अशी खूण केली, आणि मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग आला.

मग बाबा लाकडाच्या ठोकळ्यावर बसले. उजवं कोपर गुडघ्यावर टेकवलं, काच तोंडासमोर ओढली आणि मलाही एक काच दिली. "उघड्या डोळ्यानं पाहू नको."

काचेतून आधी नुसता काळोख दिसतो. मग रॉड टेकला आणि त्या काळोखात एक हिरवट उजेड लागला. त्याच्या मधोमध वाटाण्याएवढं वितळलेलं लोखंड होतं. ते पाण्यासारखं हलत होतं. दोन्ही बाजूंचं लोखंड त्यात येऊन मिळत होतं आणि मागं राहिलेलं आपोआप गोठत होतं. तो वाटाणा एकाच चालीनं पुढे निघाला. थांबला नाही, घाई केली नाही. मी काच खाली करून हात बघायची वाट बघत होते.

रॉड संपला. त्यांनी हात मागे घेतला आणि तो पुन्हा थरथरायला लागला. दुसरा रॉड लावला, टेकवला. हात थांबला. जोवर रॉड लोखंडाला टेकलेला होता तोवर तो हात कारखान्यातल्या त्या बत्तीस वर्षांमधला होता.

मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं की असं असतं. काही थरथर हात रिकामा असतानाच येते, काम करायला लागलं की जाते. असेल. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी माझ्या अंगावरचा काटा गेला नसता. मी या माणसाच्या घरात जन्मले, त्यांच्या पगारावर शिकले, आणि ते रोज सकाळी डबा घेऊन जात होते ते काय करायला हे मी सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते.

शेवटी त्यांनी छोट्या हातोडीनं वरची खपली उडवली. खालून जोड निघाला, एका मापाच्या बारीक बारीक लाटा, आईनं करंजीला घातलेल्या मुरडीसारख्या. गॅरेजवाला उकिडवा बसला. एकेका जोडाजवळ तोंड नेऊन बघत राहिला. मग त्यानं मला बाजूला बोलावलं नाही. तिथंच, बाबांसमोर म्हणाला, "दीदी, इस पर मैं हाथ नहीं लगाऊँगा. मेरे से बिगड़ जाएगा."

बाबांनी मान खाली घालून हातमोजे काढले. तेव्हा मला कळलं की त्यांनी ऐकलं होतं.

पाइपांना रंग मारला, गाडीला कसले. गॅरेजवाल्यानं डावीकडच्या पाइपाखाली मधोमध जॅक लावला आणि उचलायला सुरुवात केली. आधी गाडी कुरकुरली. मग पुढचं चाक जमिनीवरून सुटलं आणि मागोमाग मागचंही. पावणेदोन टनांच्या गाडीची अख्खी एक बाजू बाबांच्या त्या मुरडींवर उभी होती. मी वाकून खाली बघितलं. काहीच होत नव्हतं. लोखंड नुसतं होतं तसं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "आता आकडा मारा न."

"जॅकचा भार समजूतदार असते," ते म्हणाले. "हळू हळू येते. दगड तसा येत नाही."

एवढंच. पण घरी आल्यावर आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "सकाळी चार वाजता उठून राकेलच्या फडक्यानं ठोकळी पुसून राहिले होते. खिशात घेऊन गेले. मारली का?" मी नाही म्हणाले. काहून, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की हातोडी माझ्या हातात यायची होती आणि मी ती आधीच खाली ठेवली होती.

पंधरा दिवस मी त्यांची माफी मागायचे बेत केले. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी बाई मी, पण ओसरीवर बसलेल्या एका माणसाला दोन वाक्यं बोलता येईनात. शेवटी म्हणाले, "बाबा, मी शनिवारी सिहावाला जाऊन राहिले. त्याच वाटेनं. चलता?"

"चलतो," ते म्हणाले. जसे काही वाटच बघत होते.

आई म्हणाली मागं बसा, झोपता येते. ते पुढे बसले, डाव्या बाजूला. धमतरी गेलं, नगरी गेलं, सडक सोडून जंगलात शिरलो. सालाच्या झाडांखाली कोवळं ऊन होतं. पहिला नाला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याशी मी थांबले. पाणी पोटरीएवढंच होतं आणि तो दगड तिथंच होता, वर माझ्या गाडीच्या रंगाचा पट्टा घेऊन.

उजवीकडून वाट होती. पाऊस संपल्यावर गावकऱ्यांनी दगड बाजूला करून चांगली रुंद केली होती. मी तिकडे चाक वळवलं.

"सोप्या वाटेनं कायले जाऊन राहिली?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही त्याच बाजूले बसले आहात."

"म्हनून तर बसलो."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते, हात मांडीवर, उजवा डाव्याखाली. मी चाक सरळ केलं. पुढचं चाक दगडावर चढलं, गाडी उजवीकडे कलली, आणि मागच्या वेळेसारखंच ओल्या दगडावरून चाक सटकलं. गाडी खाली आली. दणका एवढा बसला की माझे दात आपटले.

त्यानंतर फक्त पाण्याचा आवाज. बाबांनी हात लांब करून दाराची कडी ओढली. दार उघडलं. त्यांनी लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मुलाला नवीन पेन मिळाल्यावर तो जसं टोपण उघडझाप करतो तसं त्यांनी ते चारदा केलं. मग म्हणाले, "चल."

पाइप दगडावरून घासत सरकला, कर्र आवाज आला, आणि गाडी पलीकडच्या वाळूत निघाली. मी इंजिन बंद केलं. बाबा त्या पाइपावरच पाय ठेवून उतरले. आईनं दिलेल्या डब्याच्या पिशवीतून त्यांनी आधी फडकं काढलं. मग डिझेलची शिशी. दगडानं पाइपाच्या पोटावरचा रंग पुरता सोलून काढला होता. लोखंडाला चपटा चट्टा पडला होता. ते वाळूत बसले, एकेका जोडावरचा रंग घासून काढला आणि बोळे दाबले. मी डबा उघडला. आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि दोघांपैकी कुणी गाडीकडे बघितलं नाही.

मग त्यांनी पुसून घेतलं आणि हात पुढे केला. मी खडू दिला.

पांढरं झालं. मी वाळूत गुडघे टेकून बसले आणि बघत राहिले, इतक्या जवळून की श्वासानं खडू उडेल की काय वाटत होतं. पहिला जोड, दुसरा, तिसरा. मागच्या वेळी चहाएवढ्या वेळानंतर रेघ आली होती. झाडाची सावली माझ्या पाठीवरून सरकून गाडीवर गेली. पांढरं पांढरंच राहिलं.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून ठोकळी काढली.

"बाबा," मी म्हणाले, "भनपुरीत मी त्या भैयाले जे बोलले..."

"आयकलं होतं मी." त्यांनी ठोकळी चट्ट्याच्या वर, पुढच्या पायाच्या मुळाशी टेकवली. "हातोडी हाय का गाडीत?"

होती. मी आणली. त्यांनी ठोकळी दोन बोटांत धरली होती आणि लोखंडाला टेकल्यावर तो हात थांबला होता. थरथरत होता तो माझा.

"एकदाच मार," ते म्हणाले. "दोनदा मारलं का आकडा दोनदा उमटते. आन मनात काही असन तर आत्ताच खाली ठेव. मी जोड पुन्हा करीन. राग नाही."

मी मारली. आवाज नाल्याच्या त्या काठाला जाऊन परत आला. बाबांनी ठोकळी उचलली, खडू अंगठ्यानं पुसला आणि मोतीबिंदू काढलेले डोळे बारीक करून जवळून बघितलं.

"तिरपा आला," ते म्हणाले.

"पुन्हा मारू?"

"नाही. राहू दे." त्यांनी ठोकळी पुसून खिशात ठेवली. "तुह्या हातचा हाय."